बादशहाच्या पायाखाली

व्हिएन्नाच्या श्टाट्सओपरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी ऑपेरागृहात, रंगमंचाच्या बरोबर समोर पूर्वी बादशहाचा बॉक्स असे. १९१८ मध्ये बादशाही बुडाली, बॉक्स राहिला. आता तिथे सरकारी पाहुणे आणि खिसा जड असलेली मंडळी बसतात. या बॉक्सच्या थेट खाली, तळमजल्यावर, उतरत्या पायऱ्या आहेत आणि पायरीपायरीला कठडा. खुर्ची एकही नाही. रंगमंच नाकासमोर दिसतो, वाद्यवृंदाचा आवाज अंगावर येतो, आणि तिकीट मात्र स्वस्तातलं. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते तीन-चार युरोंत मिळे. आता दहाच्या पुढे गेलंय आणि तेवढ्यावरूनही नेहमीचे लोक कुरकुरतात. पण पुढच्या चांगल्या खुर्चीला दोनशेच्या वर युरो मोजावे लागतात, हे पाहिलं की ही जागा फुकटच म्हणायची.

व्हिएन्नाला संगीतासाठी जायचं ठरलं की माणसं यादी काढतात. मोझार्टचं घर, बीथोवनची घरं, शुबर्टचं घर, कबरी, पुतळे, मुझिकफेराईनचं सोनेरी सभागृह. यादीला माझी हरकत नाही. मात्र या शहराला संगीताचं शहर म्हणून टिकवलं ते ऐकणाऱ्यांनी, असं माझं मत तिथे हिंडताना पक्कं होत गेलं. ते चोखंदळ आहेत, हट्टी आहेत, भांडखोर आहेत आणि वेळप्रसंगी निर्दयही आहेत. त्यांना जवळून पाहायचं तर संध्याकाळी या कठड्यापाशी जाऊन उभं राहावं.

इथली रीत ठरलेली आहे. ओपर्नगास्सेच्या बाजूच्या दारातून आत शिरायचं, ओव्हरकोट आधी जमा करायचा, कठड्याशी जागा धरायची आणि तिथे रुमाल नाहीतर स्कार्फ बांधायचा. एकदा गाठ बसली की जागा तुमची. मग खुशाल कॉफीला जा, कुणी हात लावणार नाही. एका नवख्या पर्यटकाने कुणाचा तरी निळा चौकड्याचा रुमाल बाजूला सरकवला, तेव्हा चार माणसं एकदम त्याच्याकडे वळली. तो बिचारा निमूटपणे मागच्या पायरीवर गेला. कठड्यावर एक लहानसा पडदा असतो, त्यात गाण्यांचे शब्द भाषांतरासह सरकत राहतात. जुनी मंडळी तो बंद ठेवतात. त्यांना शब्द पाठ असतात.

माझ्या शेजारी उभी होती ती बाई सत्तरीच्या पुढची असावी. जाड रबरी तळव्याचे बूट, हातात पाण्याची बाटली नाही की कार्यक्रमपत्रिका नाही. त्या संध्याकाळी पुच्चिनीचा ‘टॉस्का’ होता. व्हिएन्नात ‘टॉस्का’ १९५८ पासून त्याच नेपथ्यात चालू आहे. दिग्दर्शन मार्गारेटे वालमान यांचं, पहिल्या प्रयोगाला कारायान कंडक्टर आणि टॉस्काच्या भूमिकेत रेनाता तेबाल्दी. त्यानंतर सहाशेहून अधिक प्रयोग झाले. तेच रोममधलं चर्च, तेच झुंबर, तेच जेवणाचं टेबल. गाणारे बदलतात. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. आजचा गळा कालच्या गळ्याच्या मानाने कुठे बसतो, एवढंच त्याला पाहायचं असतं. ‘सौभद्र’ला जाणाऱ्या आपल्या जुन्या रसिकाला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या अंकात टेनरने वरचा सूर घेतला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. बाईने डोळे न उघडता जिभेने फक्त ‘च्च’ केलं. मध्यंतरात मी विचारलं, का हो? तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की सूर बरोबर होता, पण तो खालून चढत गेला नाही, उडी मारून गेला. मग ती मागच्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्याशी जर्मनमध्ये भांडू लागली. त्याला तो सूर आवडला असावा.

टाळ्यांवरून आणि ‘वन्समोअर’वरून या गावात फार जुनी भांडणं आहेत. १ मे १७८६ रोजी मोझार्टचा ‘फिगारो’ इथल्या दरबारी बुर्गथिएटरात पहिल्यांदा झाला. पहिल्या काही प्रयोगांत लोकांनी इतक्या पदांना पुन्हा गायला लावलं की खेळ लांबतच चालला. आठ-दहा दिवसांत बादशहा दुसऱ्या योझेफने फर्मान काढलं: एकाहून अधिक गळ्यांनी म्हणायचं पद पुन्हा म्हटलं जाणार नाही, तशी सूचना लोकांसाठी लावावी. एकट्याच्या गाण्याला मात्र सूट ठेवली, कारण गायकांना तेवढीच कीर्ती मिळते! पहाटेपर्यंत चाललेले संगीत नाटकांचे प्रयोग ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी वर्णून सांगितले आहेत, त्यांना योझेफ बादशहाबद्दल सहानुभूती वाटेल. आपल्याकडे असं फर्मान काढण्याची हिंमत कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या फर्मानानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, याच ‘टॉस्का’त टेनर योनास काउफमानने तिसऱ्या अंकातलं मरणापूर्वीचं प्रसिद्ध गाणं म्हटलं. लोक थांबेनात, तेव्हा त्याने ते दुसऱ्यांदा म्हटलं. आता टॉस्काने धावत यायचं. वाद्यवृंदाने तिच्या प्रवेशाचे सूर वाजवले, पण अँजेला गेओर्गियू काही आली नाही. काउफमानने त्याच चालीवर, नायिकाच आली नाही अशा अर्थाची ओळ गाऊन टाकली आणि सभागृह हसून लोटपोट झालं. काही मिनिटांनी ती आली आणि खेळ पुढे सरकला. एकट्याच्या गाण्याला वन्समोअर चालतो, हे योझेफचं कलम त्या रात्रीपुरतं तरी महागात पडलं.

इमारतीविषयी सांगायलाच हवं, कारण व्हिएन्नाच्या लोकांच्या जिभेची धार त्यात दिसते. गावाची जुनी तटबंदी पाडून बांधलेल्या रिंगश्ट्रास या रुंद रस्त्यावरच्या मोठ्या इमारतींमधली ही पहिल्या पहिल्यांपैकी. एदुआर्द फान डेर न्यूल आणि आउगुस्ट झिकार्डसबुर्ग हे तिचे वास्तुशिल्पी. काम चालू असतानाच समोरच्या रस्त्याची पातळी मीटरभर वर गेली आणि इमारत खचल्यासारखी दिसू लागली. गावाने तिला बुडालेली पेटी म्हणून हिणवलं, वर्तमानपत्रांनी धुतलं. बादशहा फ्रान्झ योझेफनेही नापसंतीचा शब्द काढला असं म्हणतात. एप्रिल १८६८ मध्ये फान डेर न्यूलने गळफास घेतला. आधीच आजारी असलेला झिकार्डसबुर्ग पुढच्या दहा आठवड्यांत गेला. २५ मे १८६९ ला मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने ऑपेरागृह उघडलं तेव्हा ते बांधणारे दोघेही हयात नव्हते. तेव्हापासून बादशहाला कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल मत विचारलं की तो एकच ठरीव वाक्य बोले, फार छान झालं, मला फार आनंद झाला. ही गोष्ट व्हिएन्नात शेंबडं पोरही सांगतं.

ज्याच्या नावावर हे ऑपेरागृह आज मिरवतं, त्या गुस्ताव माहलरचीही कथा फारशी निराळी नाही. १८९७ मध्ये तो संचालक झाला. ज्यू असल्याने ती जागा मिळणं कठीण होतं, म्हणून त्याच वर्षी त्याने कॅथलिक धर्म घेतला. आल्या आल्या त्याने उशिरा येणाऱ्यांना दार बंद केलं, प्रयोगाच्या वेळी सभागृहात अंधार केला आणि गायकांनी पैसे देऊन आणलेल्या भाडोत्री टाळीवाल्यांना हुसकलं. नाटकाला जायचं ते एकमेकांचे कपडे पाहायला, अशी सवय असलेल्या खालच्या खुर्च्यांना हे रुचलं नाही. वर्तमानपत्रांतून ज्यूद्वेषाची गरळ चालूच होती. दहा वर्षांनी तो अमेरिकेला निघाला, तेव्हा सहकाऱ्यांसाठी निरोपाचं पत्र त्याने सूचनाफलकावर लावलं. दुसऱ्या दिवशी ते फाडून टाकलेलं आढळलं.

दुसऱ्या महायुद्धात, १२ मार्च १९४५ ला, अमेरिकी बॉम्ब ऑपेरागृहावर पडले. जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या त्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. सभागृह आणि रंगमंच जळून गेले. दर्शनी भाग, मोठा जिना आणि चित्रांनी भरलेला फॉयर तेवढा वाचला. आज जिना चढताना तुम्ही १८६९ मध्ये असता आणि दार ढकलून आत गेलात की १९५५ मध्ये. परक्या फौजा गाव सोडून गेल्या आणि ५ नोव्हेंबर १९५५ ला बीथोवनच्या ‘फिडेलिओ’ने नवं सभागृह उघडलं. तुरुंगातून सुटकेची ती कथा त्या दिवसासाठी निवडण्यात कुणाला काही सांगावं लागलं नसेल. अर्थात आपण मुक्त झालो म्हणजे नेमकं कुणापासून, हा प्रश्न त्या रात्री फारसा कुणी विचारला नाही. ‘फिडेलिओ’ चालवणारे कार्ल ब्योम नाझी राजवटीतही याच ऑपेराचे संचालक होते.

ऑपेराच्या खड्ड्यात वाजवणारी मंडळीच बाहेर व्हिएन्ना फिलहार्मोनिक म्हणून वाजवतात. हा वाद्यवृंद १८४२ चा. ऑपेरात तीन वर्षं वाजवल्यावरच तिथे प्रवेशाचा अर्ज करता येतो, आणि १९३३ पासून त्यांनी कायमचा कंडक्टर ठेवलेला नाही. कोणाला बोलवायचं ते वादकच ठरवतात. हे खरं म्हणजे घराणंच आहे. गुरूची गादी शिष्याकडे, कधी बापाची मुलाकडे. वाद्यंही जगाहून वेगळी. इथली ओबो निराळ्या घडणीची, हॉर्न जुन्या पद्धतीचा, वाजवायला अवघड पण आवाजाने गोल, आणि टिंपनीवर बोकडाचं कातडं. घराण्याचे दोषही सगळे. १९९७ पर्यंत एकाही बाईला त्यांनी सदस्य करून घेतलं नाही. हार्प वाजवणाऱ्या आना लेलकेस त्याआधी वीसहून अधिक वर्षं त्यांच्यात वाजवत होत्या, पण सदस्य नव्हत्या. बल्गेरियाच्या अल्बेना दानाइलोवा पहिल्या महिला कॉन्सर्टमास्टर झाल्या तेव्हा २०११ उजाडलं होतं.

या मुद्द्यावर मला आर्नोल्ड रोझे आणि त्यांची मुलगी आल्मा आठवत राहतात. रोझे १८८१ पासून १९३८ पर्यंत या वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर. सत्तावन्न वर्षं पहिल्या खुर्चीवर. ते माहलरचे मेहुणे. १९३८ मध्ये ज्यू म्हणून त्यांना बाहेर काढलं, पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांना लंडन गाठावं लागलं आणि तिथेच ते वारले. आल्मा उत्तम व्हायोलिन वाजवायची. ती ऑशविट्झमध्ये पोचली, तिथल्या कैदी बायकांचा वाद्यवृंद तिने सांभाळला, त्यातल्या कित्येकजणी त्यामुळे जगल्या. ती स्वतः एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच गेली. हिटलर आलाच नसता तरी बापाच्या वाद्यवृंदात तिला खुर्ची मिळाली नसती, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. जगातल्या नव्वदहून अधिक देशांत दिसणारा नववर्षाचा श्ट्राउसी कार्यक्रमसुद्धा ३१ डिसेंबर १९३९ चं, नाझी काळातलं अपत्य आहे. वाद्यवृंदाने आपली कागदपत्रं इतिहासकारांना मोकळी करून ही हकीकत २०१३ मध्ये स्वतःच लोकांपुढे ठेवली. उशीर झाला, पण झाकून ठेवली नाही.

तो नववर्षाचा कार्यक्रम होतो मुझिकफेराईनच्या सोनेरी सभागृहात. तेओफिल हान्सेनने बांधलेलं हे सभागृह जानेवारी १८७० मध्ये उघडलं. लांबट, साधारण एकोणपन्नास मीटर लांब, एकोणीस रुंद आणि अठराच्या आसपास उंच. बुटांच्या खोक्यासारखं म्हणा. ध्वनिशास्त्र म्हणून काही धड विषयच नव्हता तेव्हा हे जमून गेलं. लाकडी छत वरच्या तुळयांना टांगलेलं आहे, जमिनीखाली पोकळी आहे, आणि भिंतीशी उभ्या सोनेरी बायकांचे पुतळे आवाज इकडेतिकडे विखरून टाकतात. चेलोंनी हळू सूर धरला की तो पायाच्या तळव्यांना आधी कळतो. हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. इथेही मागच्या बाजूला उभ्याची जागा आहे.

इथल्याच तालमींमध्ये मुंबईचा एक मुलगा चोरवाटेने शिरला होता. झुबिन मेहता. बाप मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलाने डॉक्टर व्हावं अशी घरची इच्छा; पण तो १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नात हान्स स्वारोव्हस्कींकडे कंडक्टिंग शिकायला आला. तिथे त्याच्या सोबतीला क्लाउदिओ अब्बादो नावाचा मिलानचा मित्र होता. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत. दोघांनी तोड काढली. मुझिकफेराईनच्या गायकवृंदात खर्जाच्या आवाजांत नाव घातलं आणि कारायान, ब्रूनो वाल्टर यांच्यासमोर उभे राहून गात गात त्यांचे हात पाहिले. शिकवणीचा असा स्वस्त मार्ग आणखी कुणाला सुचला असेल तर कल्पना नाही. अब्बादो पुढे श्टाट्सओपरचे संगीत संचालक झाले. मेहतांनी नववर्षाचा कार्यक्रम पाच वेळा केला, पहिला १९९० मध्ये, पाचवा २०१५ मध्ये. भायखळा, माझगाव, कफ परेडकडची जुनी पारशी मंडळी आजही ‘आपला झुबिन’ म्हणतात. व्हिएन्नाची मंडळीही तसंच म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

याच सभागृहात ३१ मार्च १९१३ ला मारामारी झाली. संगीतकार श्योनबर्ग स्वतःच्या आणि आपल्या शिष्यांच्या नव्या रचना वाजवून घेत होता. आल्बान बर्गच्या गाण्यांपाशी श्रोत्यांचा संयम संपला, आरडाओरडा झाला, एकाने दुसऱ्याच्या थोबाडीत दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं. साक्षीला आलेला ऑपेरेटाकार ऑस्कार श्ट्राउस म्हणाला, की त्या संध्याकाळी ऐकलेला सगळ्यांत सुरेल आवाज म्हणजे ती थप्पड, असं सांगतात. हीच मुझिकफेराईनची संस्था १८९५ पासून १९५४ पर्यंत हायडनची कवटी सांभाळून होती. १८०९ मध्ये दफनानंतर काही दिवसांतच कवट्यांवरून बुद्धी ओळखण्याचा छंद असलेल्या दोघांनी थडगं उकरून ती पळवली होती. हायडनच्या आश्रयदात्या हंगेरियन सरदाराने शोध सुरू केला तेव्हा त्याला भलत्याचीच कवटी देऊन गप्प बसवलं. १९५४ मध्ये खरी कवटी आयझेनश्टाटला धडाशी नेऊन ठेवली, पण खोटी काढली नाही. हायडनच्या थडग्यात आज दोन कवट्या आहेत. जिवंतपणी माणसाच्या डोक्याचा इतका पाठपुरावा केला असता तर बरं झालं असतं.

घरांबद्दल थोडक्यात. डोमगास्सेतलं मोझार्टचं घर पाहण्यासारखं आहे, ‘फिगारो’ तिथे लिहिला गेला. खोल्या मात्र बहुतेक रिकाम्या आहेत. तो मेला ते घर पाडलं गेलं, त्या जागी डिपार्टमेंट स्टोअर आहे. नुसडॉर्फर श्ट्रासवर शुबर्टच्या जन्मघरात त्याचा चश्मा ठेवला आहे, एक काच तडकलेली. या मोठ्या नावांतला शुबर्टच खरा व्हिएन्नाचा. हायडन, मोझार्ट, बीथोवन, ब्राम्स, माहलर, सगळे बाहेरून आलेले. आणि याच घरच्या पोराला स्वतःच्या रचनांची एकच जाहीर मैफल मिळाली, मेला त्या वर्षी, १८२८ मध्ये. हॉटेल झाखरच्या दारात केकसाठी रांग लावणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की तुम्ही उभे आहात तिथे केर्न्टनरटोर थिएटर होतं आणि बीथोवनची नववी सिंफनी ७ मे १८२४ ला तिथे पहिल्यांदा वाजली. मध्यवर्ती कबरस्तानात जायला ७१ नंबरची ट्राम, दुसऱ्या फाटकाशी उतरायचं. गेला म्हणायच्या ऐवजी तो ७१ ने गेला, असं व्हिएन्नाकर म्हणतात. बीथोवन, शुबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस तिथे शेजारी शेजारी आहेत. मोझार्टचं फक्त स्मारक. त्याची कबर नेमकी कुठे ते कुणाला ठाऊक नाही.

टेआटर आन डेर व्हीनपाशी मात्र वेळ काढून थांबा. २२ डिसेंबर १८०८ ला संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा या न तापवलेल्या थिएटरात बीथोवनने एका बैठकीत पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो आणि आणखी बरंच काही पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. तालीम अपुरी, वादक चिडलेले. शेवटच्या रचनेत सगळे चुकले, तेव्हा बीथोवनने वादन थांबवून पुन्हा सुरुवात करायला लावली. पाचव्या सिंफनीचा पहिला श्रोता हा थंडीने काकडलेला आणि बहुधा वैतागलेला माणूस होता. त्याला आपण काय ऐकलं ते कळलं असेल का, असा विचार तिथे मनात येतोच.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ऑपेराच्या आणि श्टेफान्सडोमच्या आसपास विग घालून, मोझार्टच्या वेशात तिकिटं विकणारी पोरं भेटतील. ती पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांची तिकिटं असतात. कार्यक्रम वाईट असतोच असं नाही, पण गावातले लोक तिकडे फिरकत नाहीत. जुलै-ऑगस्टात ऑपेरागृह बंद असतं, त्या सुमारास जाऊ नका. हंगाम सप्टेंबर ते जून. वसंतात आणि सप्टेंबरात काही प्रयोग ऑपेरागृहाबाहेरच्या मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात, लोक खुर्च्या आणि सँडविच घेऊन बसतात. आत उभं राहायचं असेल तर हलका ऑपेरा आधी घ्या, वॅग्नर पहिल्या दिवशी नको. मऊ बूट घाला आणि एक रुमाल जवळ ठेवा. वॅग्नरचा ‘गॉटरडेमरुंग’ मध्यंतरं धरून साडेपाच तासांच्या आसपास चालतो, आणि दुसऱ्या मध्यंतरानंतर मागच्या पायऱ्यांवरचे निम्मे पर्यटक गळालेले असतात. तेव्हा पुढे सरकायला हरकत नाही, रुमाल नसेल तिथे.